दाजींच्या फोनमागचा वारा

आमच्या दाजींचा फोटो चौकातल्या डिजिटल फलकावर पहिल्यांदा लागला, तेव्हा त्यात त्यांच्या कानाला मोबाईल होता. निमित्त वाढदिवसाचं. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची दाटी, आणि त्यातल्या निम्म्यांच्याही कानाला मोबाईल. मी बराच वेळ त्या फलकाकडं बघत उभा होतो. एवढी माणसं एकाच वेळी फोनवर आहेत तर ती बोलतायत तरी कुणाशी? एकमेकांशीच बोलत असणार, असं मी आक्काला म्हणालो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दाजींची बायको. ती म्हणाली, "तुला कोण फलकावर घेत न्हाय, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या."

दाजी कुरुंदवाडचे. खताचं दुकान, नदीकाठची थोडी जमीन आणि दूध संस्थेचं संचालकपद. मी हे ज्या क्रमानं सांगितलं, त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं ते स्वतः सांगत. मी कोल्हापुरात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. म्हणजे दिवसभर लोकांना 'हळू बोला' म्हणण्याचा पगार घेत होतो. दाजींना हळू बोलता येत नसे. त्यामुळं ते बोलायचे आणि मी ऐकायचो, अशी आमच्यात न ठरवता झालेली वाटणी होती. मला ते 'पावणं' म्हणत. आमच्याकडं रस्त्यात भेटलेल्या परक्या माणसालाही पावणं म्हणतात आणि बायकोच्या भावालाही, आणि दोघांना सारख्याच मोठ्या आवाजात.

नव्वदच्या दशकात आमच्या घरी फोन आला, तेव्हा आईनं त्याच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला आणि तो देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला. येता-जाता त्याला कुणी नमस्कार केला असता तर नवल वाटलं नसतं. दाजी आले की रुमाल बाजूला सारून कुरुंदवाडला फोन लावायचे आणि असे बोलायचे, की वडील म्हणत, "मधली तार काढून टाकली तरी चालेल की." दूरच्या माणसाशी मोठ्यानं बोलायचं, हा दाजींचा हिशेब साधा होता. पुढं मोबाईल आला, तेव्हा त्याला तारच नसल्यानं त्यांनी आवाज आणखी चढवला.

मोबाईल आला आणि दाजींची मान वाकडी झाली. मोटारसायकल चालवताना फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून धरायची ती पद्धत. त्या काळात कोल्हापूर-सांगली रस्त्यावर निम्मे लोक एका बाजूला कलून गाडी चालवत. लांबून बघितलं तर सगळ्यांना एकदमच मानेचा काही आजार झाल्यासारखं वाटे. दाजींचे दोन फोन असे खांद्यावरून निसटून रस्त्यावर फुटले. मग त्यांनी कानटोपी घालायला सुरुवात केली. थंडीसाठी नव्हे. भर वैशाखात हा माणूस लोकरीची कानटोपी घालून, तिच्यात कानाजवळ फोन खोचून, घामानं निथळत बुलेटवरून यायचा. "हात मोकळं, मान मोकळी," ते मला म्हणाले. मी म्हणालो, "आणि डोकं?" त्यांना ते कळलं, पण त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्याकडं होता.

शेवटी दोन हजार सालानंतरची आठ-नऊ वर्षं उलटली असतील, तेव्हा दाजींनी नवा फोन घेतला. दुकानदार त्याला स्मार्टफोन म्हणाला. दाजींनी तो शब्द उचलला आणि येईल त्याला ऐकवला. त्या फोनबरोबर एक वायर आली होती. तिचं एक टोक फोनमध्ये, दुसऱ्या टोकाला कानात घालायचं बोंडुक, आणि मधे गळ्याशी येईल असा छोटा माईक. फोन शर्टाच्या खिशात, वायर गळपट्टीतून वर. शिवाय त्यांनी कुणाकडून तरी अशी सोय करून घेतली होती, की फोन दोनदा वाजला की आपोआप उचलला जाई. बटण दाबायलाही हात लागू नये म्हणून. "आता बोलत बोलत कोल्हापूर येतंय बघा पावणं," ते म्हणाले. "रस्ता कळत बी न्हाय." रस्ता कळत नाही ही गोष्ट मोटारसायकलवरच्या माणसानं अभिमानानं सांगितलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

दाजींची आणखी एक सवय इथं सांगायला हवी. फोनवर ते जिथं म्हणत तिथं कधीच नसत. दाढी करत असले तर 'गाडीवर बसलोय' म्हणत, गाडीवर बसले की 'जयसिंगपूर सोडलं' म्हणत, आणि जयसिंगपूर सोडलं की हातकणंगले, हातकणंगल्यात असले की कोल्हापूरच्या वेशीवरची शिरोली. यात फसवण्याचा हेतू अजिबात नव्हता. वाट बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून ते स्वतःला थोडं पुढं ढकलत. आमच्याकडं ही चाल सगळ्यांचीच. 'आलोच' या शब्दाचा अर्थ 'अजून निघालो नाही' असा असतो, हे सांगायला शब्दकोश लागत नाही. आक्का तर त्या हिशेबानंच स्वयंपाक करायची. "शिरोली म्हणाले म्हणजे हातकणंगले," असं म्हणत ती तवा उशिरा ठेवायची.

त्या भाद्रपदात आक्का गौरीला माहेरी आली होती. गौरी-गणपती पाण्यात गेले आणि दोन दिवसांनी दाजी तिला न्यायला येणार होते. सकाळपासून बारीक पाऊस. दुपार व्हायला आली तरी पत्ता नाही, तशी आक्का स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, फोन लाव की त्यास्नी, कुठवर आलेत बघ. भाकरी टाकायच्यात मला."

मी कोनाड्यातल्या फोनवरून लावला. दोनदा वाजला आणि आपोआप उचलला गेला. आधी वारा ऐकू आला. हँड्सफ्रीवर चालत्या मोटारसायकलचा वारा ऐकलेल्यांना तो माहीत असेल. कुणी तोंडाजवळ ताडपत्री फडफडवावी तसा. मग दाजी.

"बोला पावणं!"

"कुठवर आलाय?"

"शिरोलीत शिरलोय. तुमच्या आक्काला म्हणावं तवा ठेव."

मी ते आत ओरडून सांगितलं. आक्का म्हणाली, "म्हणजे हातकणंगले." मी फोन ठेवणार होतो, पण दाजींना बोलायचं होतं. आदल्या दिवशी संस्थेची मीटिंग झाली होती आणि तिच्यात त्यांनी अध्यक्षांना सुनावलं होतं. निदान त्यांच्या सांगण्यात तरी सुनावलं होतं.

"समद्यांच्या देखत सांगितलं मी त्याला. उभा ऱ्हायलो आणि म्हटलं, अध्यक्षसाहेब—"

इथं वाक्य संपलं. आधी टायर घसरल्याचा लांबट आवाज आला, मग लोखंड फरफटल्याचा, आणि मग वारा थांबला. मला सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की वारा थांबला आहे. इतका वेळ जो आवाज नकोसा होता तो नाहीसा झाला आणि त्या जागी पावसाची बारीक टपटप ऐकू येऊ लागली. फोन सुरू होता.

"दाजी," मी म्हणालो. "दाजी?"

काही नाही. मग लांबून माणसांचे आवाज आले, जवळ जवळ येत गेले.

"आरं पडला की रं!"

"चिखल किती आलाय बघ रस्त्यावर. त्या ट्रॅक्टरवाल्याला आधी हाणाय पायजे."

"गाडी उचला, गाडी. पेट्रोल सांडाय लागलंय."

"आरं माणूस उचला की आधी!"

"पावणं, ओ पावणं! कुठलं म्हणायचं तुम्ही?"

आमच्याकडं माणूस खाली पडलेला असो वा खुर्चीत बसलेला असो, पहिला प्रश्न गावाचा. त्या प्रश्नानंतर दाजी कण्हले, आणि माझ्या जिवात जीव आला.

"पावणं," दाजी म्हणाले. "ऐकू येतंय का, पावणं?"

ते मला विचारत होते. पण उत्तर तिकडूनच आलं, चार-पाच तोंडांनी. "येतंय की! बोला, बोला!"

"दाजी, मी आहे फोनवर," मी म्हणालो. "कुठं लागलंय?"

"मांडीला. मांडी गरम लागाय लागल्या."

"रक्त येतंय का?"

"दिसत न्हाय. रेनकोटाची पँट हाय. पण आत ऊन पाणी शिरल्यागत वाटतंय. पार घोट्यापतूर."

"त्या लोकांना सांगा, पाय बघा म्हणावं."

"पाय बघा," दाजी म्हणाले.

"हाय की पाय जाग्यावर, पावणं! दोन्ही हायत!" कुणीतरी त्यांना धीर दिला. मग आवाज खाली आणून दुसऱ्या कुणाला तरी म्हणाला, "ह्यो कुणासंगं बोलाय लागलाय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तिकडं काय दिसत असेल. दाजींनी रेनकोटची टोपी डोक्यावर ओढून हनुवटीखाली नाडी बांधलेली होती. वायर तिच्या आत, फोन रेनकोटच्या आत. त्या लोकांना फोन दिसत नव्हता. त्यांना दिसत होता रस्त्यात उताणा पडलेला, समोर कुणी नसताना प्रश्नांना उत्तरं देणारा माणूस.

"डोस्क्याला मार बसलाय ह्येच्या."

"बडबडाय लागलाय बघ की. कांदा आणा, कांदा हुंगवा."

"आता कांदा कुठनं आणू? चप्पल धर नाकाला."

"दाजी, त्यांना सांगा कानात वायर आहे, फोनवर मेव्हणा आहे," मी ओरडलो.

"कानात मेव्हणा हाय माझ्या," दाजी म्हणाले.

मग एक वयस्कर आवाज, अगदी गंभीर: "परवाच गौरी गेल्यात. अंगात आलंय ह्येच्या. सरा मागं, सरा. कोण हाईस तू? आँ? सांग, कोण हाईस?"

"आरं, दूध संस्थेचा संचालक हाय मी!" दाजी होतं नव्हतं ते सगळं बळ एकवटून म्हणाले.

"संचालक म्हणतोय. गेलं, डोस्कं गेलं ह्येचं."

पुढं कधीतरी हे सगळं सांगताना मी हसलो आहे आणि ऐकणारेही हसले आहेत. पण तेव्हा मी रिसीव्हर कानात रुतेल इतका दाबून धरला होता. दाजींच्या आवाजातला चढ प्रत्येक वाक्याला कमी होत होता. ज्या माणसाला हळू बोलता येत नाही तो हळू बोलू लागला होता. मांडीची मोठी शीर तुटली तर माणूस फार वेळ टिकत नाही, एवढं मी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. वाचलेलं असं नको त्या वेळी आठवतं. आणि तिथं दहा माणसं होती, धडधाकट, मदतीला तयार. ती त्यांच्या नाकाला चप्पल लावत होती.

"दाजी, नक्की कुठं आहात?"

"शिरोली," ते म्हणाले. "आलोच."

शिरोली आमच्या घरापासून लांब नाही. फोन टाकावा, स्कूटर काढावी आणि धावावं असं मनात आलं. मी रिसीव्हर खाली ठेवणारच होतो, तेवढ्यात तिकडून कुणीतरी म्हणालं, "जयसिंगपुरातनं रिक्षा बोलवा की. ह्यो काय, दिसतंय की जयसिंगपूर."

माझा हात तसाच राहिला. दाजी शिरोलीत नव्हते. हातकणंगल्यातही नव्हते. नुकते कुठं जयसिंगपुरातून बाहेर पडले होते. मी निघालो असतो, तर शिरोलीच्या ओल्या रस्त्यावर इकडून तिकडं त्यांना शोधत बसलो असतो. रक्तानं पँट भरत असतानाही दाजींनी वाट बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःला पुढं ढकललं होतं. या गोष्टीचा धक्का मला दाजी पडल्याच्या धक्क्यापेक्षा जास्त बसला, हे मी आजही कुणाला नीट समजावून सांगू शकत नाही.

"कुणाशी ओरडतोयस?" मागं आक्का उभी होती. हाताला पीठ. तिनं माझं तोंड बघितलं आणि रिसीव्हर ओढून घेतला. मी तिला थांबवू शकलो असतो असं वाटत नाही. ती ऐकत राहिली. तिकडं बहुधा पुन्हा 'कोण हाईस, कोण हाईस' चाललं असावं, कारण तिचा चेहरा आधी गोंधळला आणि मग पांढरा पडला.

"अहो," ती म्हणाली. "अहो, मी हाय."

दाजी काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "येतोय आम्ही. येतोय. तुम्ही नुसतं बोलत ऱ्हावा."

मी डोकं चालवायचा प्रयत्न करत होतो. त्या माणसांना फोन दिसायला हवा होता. फोन दिसण्यासाठी तो वाजायला हवा होता. आणि आम्ही बोलत होतो तोवर तो वाजणार नव्हता.

"आक्का, फोन ठेव."

"काय?"

"ठेव आणि परत लाव. वाजला की त्यांना कळेल फोन आहे म्हणून. आता त्यांना वाटतंय दाजी भ्रमिष्ट झालेत. पायाकडं कुणी बघत नाही."

"त्यांचा आवाज येतोय," ती म्हणाली. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यावर पीठ लागलं होतं. "बोलतायत तोवर जित्ते हायत. ठेवला आणि परत लागला न्हाई तर?"

त्या काळात आमच्याकडं फोन लागायचा कमी आणि 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' असल्याचं सांगणारी बाईच जास्त भेटायची. तारेच्या त्या टोकाला दाजी होते, आणि मी तिला ते टोक स्वतःच्या हातानं सोडायला सांगत होतो. तिनं माझ्याकडं बघितलं. मग फोनमध्ये म्हणाली, "अहो, मी ठेवते आणि परत लावते. वाजंल. घाबरू नका." आणि तिनं स्वतःच बोट टेकवून फोन बंद केला. मी केला नाही. तिनं केला.

आत तव्यावर काहीतरी करपत होतं. ती नंबर दाबू लागली. तिचं बोट पिठामुळं बटणावरून घसरलं आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मी कान रिसीव्हरला भिडवला. लागला. एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. दाजींच्या फोनची घंटा म्हणजे सनई होती. लग्नमंडपातली वाटावी अशी. ती तिकडं पावसात, रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या छातीवर वाजली असणार. मग आपोआप उचलला गेला आणि आम्हाला एकदम गलका ऐकू आला.

"मोबाईल हाय! ह्येच्या खिशात मोबाईल हाय!"

"आवो, त्येची टोपी काढा की आधी." हा बाईचा आवाज, करडा. "बघा. कानात वायर. बिचारा फोनवर बोलतोय आणि तुम्ही पायताण लावताय व्हय त्येच्या नाकाला?"

"काढला फोन. हॅलो! हॅलो! ऐकू येईना की काय."

"बटण दाब."

"दाबू नगो, बंद पडंल."

"हॅलोऽऽ!"

त्यांचं मला सगळं ऐकू येत होतं आणि माझं त्यांना काही नाही, कारण माझा आवाज अजून दाजींच्या कानातच चालला होता. मी म्हणालो, "दाजी, वायर काढायला सांगा." आणि अगदी बारीक आवाजात, पण स्पष्ट, दाजी म्हणाले, "वायर काढा."

या वेळी त्यांचं ऐकलं गेलं. "संचालक म्हणतोय वायर काढा," कुणीतरी म्हणालं. खट् असा आवाज झाला. काहीच नाही. आक्कानं माझा दंड धरला होता, तो तिनं इतका आवळला की चार दिवस वळ राहिले. मग कानात मोठा, भरडा, जवळचा आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"त्यांचा मेव्हणा. त्यांच्या रेनकोटची पँट फाडा. मांडीला लागलंय. आत रक्त आहे. लगेच फाडा."

"मेव्हणा व्हय? खरंच मेव्हणा हाय रं!" त्यानं तिकडं जाहीर केलं. मग कापड फाटल्याचा आवाज, आणि मग कुणीतरी "आई गं!" म्हणालं. त्यानंतर तिकडं एकही माणूस मोठ्यानं बोलला नाही.

ब्रेकचा दांडा मांडीत घुसून परत बाहेर आला होता. त्यानं पँटीला पडलेलं भोक चिखलानं बुजलं होतं. रेनकोटच्या पँटीला घोट्याशी इलॅस्टिक. त्यामुळं रक्त बाहेर सांडलंच नाही, आतच साठत गेलं. बाहेरून बघणाऱ्याला चिखलानं माखलेल्या पँटीखेरीज काही दिसणं शक्य नव्हतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं ऐकू आलं: "टॉवेल आवळ. वर, अजून वर. आवळ की." ती बाई कुणाला तरी म्हणत होती, "हात काढू नगो त्यावरचा." मग टेंपो थांबवल्याचा गोंधळ. मग तो भरडा आवाज पुन्हा माझ्याशी: "जयसिंगपूरच्या दवाखान्यात न्हेतो. तुम्ही या. मोबाईल माझ्याजवळ हाय, त्याची काळजी करू नका." मोबाईलची काळजी मी करत नव्हतो, हे त्याला सांगायला मला सुचलं नाही.

शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही निघालो. आमच्या कुणाकडंच मोबाईल नव्हता, त्यामुळं रस्ताभर काही कळायचा मार्ग नव्हता. शिरोली आली तेव्हा आक्का काचेला तोंड लावून रस्त्याकडं बघू लागली. दाजी तिथं नाहीत हे तिला माहीत होतं. तरी शिरोली सरेपर्यंत ती बघत राहिली. हातकणंगल्यालाही तसंच. त्यांनी सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी ती त्यांना शोधत होती असं मला वाटलं, पण मी ते तिला विचारलं नाही.

दवाखान्याच्या दारात सहा-सात अनोळखी माणसं अंगावर चिखल आणि रक्त घेऊन उभी होती. त्यातल्या एकानं, बहुधा भरड्या आवाजाच्या माणसानं, दाजींचा फोन आक्काच्या हातात ठेवला. तो पुसलेला होता आणि वायर नीट गुंडाळून त्याच्याभोवती बांधलेली होती. "आत घेतलंय," तो म्हणाला. "शुद्धीवर हायत. बोलाय लागलेत." मग थोडं ओशाळून म्हणाला, "आमास्नी काय म्हाईत ताई, माणूस नुसत्या वाऱ्याशी बोलतोय म्हटल्यावर…" आक्कानं त्याला हात जोडले. डॉक्टरांनी मोठमोठी वाक्यं टाकली नाहीत. त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीत पडलेली ती रेनकोटची पँट आम्हाला दाखवली आणि म्हणाले, "ही वेळेवर फाडली ते बरं झालं." एवढंच.

दाजी जगले. पाय वाचला, चालताना थोडा ओढतात. दवाखान्यात त्यांना बघायला तालुक्यातले बरेच मोठे लोक येऊन गेले. त्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या कानात हँड्सफ्री होता. तो खाटेशी उभा राहिला आणि म्हणाला, "काळजी करू नका, मी बघतो सगळं." दाजी भारावले. मग तो पुढं म्हणाला, "सिमेंट उद्या पाठवतो," तेव्हा कळलं की तो दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. बोलत बोलतच त्यानं दाजींना नमस्कार केला आणि बोलत बोलतच तो गेला. दाजींना घरी सोडलं त्या दिवशी कुरुंदवाडात फलक लागला: पुनर्जन्माबद्दल हार्दिक अभिनंदन. फोटो तोच जुना, कानाला मोबाईल लावलेला. त्या मीटिंगमध्ये उभं राहून अध्यक्षांना ते काय म्हणाले होते, ते मी त्यांना पुढं दोन-तीनदा विचारलं. आठवत नाही म्हणाले. माझा अंदाज आहे की ते काहीच म्हणाले नव्हते.

त्या दिवशी फोन मी लावला होता आणि तो लावायला आक्कानं सांगितलं होतं. यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. बोलायची गरज पडली नाही, कारण तिनं त्याचा निकाल आपल्या पद्धतीनं लावला.

वर्षभरानं दाजी पुन्हा मोटारसायकलवर बसू लागले आणि पुन्हा वायरही कानात गेली. त्यांना ती सोडवेना. आक्का आमच्याकडं असली आणि त्यांचा फोन आला, की ती रिसीव्हर कानाला लावायची आणि काही न बोलता आधी नुसतं ऐकायची. आम्हीही मग गप्प बसायचो. तिकडं दाजी मोठमोठ्यानं "हॅलो, हॅलो, आलोच, शिरोलीत हाय" म्हणत असायचे, मला लांबून ऐकू यायचं. ती त्यांचं बोलणं ऐकत नसे. ती त्यामागचा वारा ऐकत असे. ताडपत्रीची फडफड ऐकू आली, की एक शब्दही न बोलता ती रिसीव्हर खाली ठेवायची आणि कोनाड्यापाशीच उभी राहायची.

थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजायचा. ती उचलायची, ऐकायची. आता मागं वारा नसायचा. एखादा ट्रक जाताना, एखादा कावळा, कधी नुसताच पाऊस. मग दाजी बऱ्याच खालच्या आवाजात म्हणायचे, "थांबलोय. जयसिंगपूरच्या फाट्यावर. गाडी स्टँडला लावलीय."

"हां," आक्का म्हणायची. "आता बोला."